ऑफिसात ‘तुमची सर्वनामं काय?’ असं विचारलं तर

सोमवार, सकाळचे साडेनऊ. चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका इमारतीतली मीटिंग रूम, गोलात मांडलेल्या खुर्च्या, आणि त्यांवर बीड, परभणी, नांदेड, उदगीरहून नुकतीच आलेली पंधरा-सोळा मुलं-मुली. स्क्रीनवरून बेंगळुरूचं कोणीतरी सांगतं, “नाव, टीम आणि प्रोनाउन्स.” पहिले दोघं पटकन सांगून मोकळे होतात. तिसऱ्यापाशी गाडी अडते. नाव तयार असतं, टीम पाठ असते, पण पुढचं येत नाही. काहींना तो शब्दच पहिल्यांदा ऐकायला मिळालेला असतो. काहींना तो चांगला ठाऊक असतो आणि अडायचं कारणही तेच असतं.

नव्यानं रुजू झालेल्यांना पहिले दोन आठवडे शिकवायचं काम माझ्याकडे आहे. वर सांगितलेल्या दोन्ही प्रकारच्या मुलांसाठी हे लिहितेय. दोघांची गरज वेगळी आहे, पण खोली एकच असते.

आधी प्रश्न नीट समजून घ्या

प्रोनाउन म्हणजे शाळेतलं सर्वनाम. तुमच्या माघारी तुमच्याबद्दल बोलताना कोणता शब्द वापरायचा, एवढंच विचारलेलं असतं. इंग्रजीत लोक ‘शी/हर’, ‘ही/हिम’ किंवा ‘दे/देम’ असं जोडीनं सांगतात. ‘शी’ बाईसाठी, ‘ही’ बुवासाठी, आणि ‘दे’ बहुधा या दोन्हींत स्वतःला न बसवणारं माणूस एकट्यासाठी वापरतं. जोडी पाहून गोंधळू नका. आपलं ‘ती, तिला’ किंवा ‘तो, त्याला’ असतं तसंच ते आहे. ‘शी’ किंवा ‘ही’ एवढं एकच सांगितलं तरी चालतं.

हे विचारायची गरज का पडते, हे किरण, शीतल, सुमन, कमल, रतन नावाच्या माणसांना विचारा. गावाकडे कमलराव आणि कमलबाई म्हटलं की उलगडा होतो. ईमेलवर राव-बाई येत नाहीत. जर्मनीतला क्लायंट ‘मिस्टर कमल’ लिहून पाठवतो आणि इकडं कमलताई सहा महिने ते सहन करत बसतात. आपलंही तसंच होतं. व्हिएतनामी किंवा पोलिश नाव वाचून तो माणूस बाई आहे की बुवा, हे आपल्यालाही सांगता येत नाही.

काय विचारलेलं नाही, तेही ध्यानात घ्या. तुमचं लग्न, तुमचं प्रेम, तुमचं शरीर, यातलं काहीही विचारलेलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे ‘आडनाव काय?’ या साध्या दिसणाऱ्या प्रश्नामागं पुष्कळदा जात काढायचा हिशेब असतो. ज्यानं तो अनुभव घेतलाय, तो कुठल्याही जादा प्रश्नाला बिचकतो. त्यात त्याची चूक नाही. म्हणून गोलात कोणी बिचकलं, तर ‘एवढं काय त्यात’ असं म्हणू नका.

आणि हा विषय किरकोळ आहे, असंही मला कोणी सांगू नये. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळावं म्हणून या मुलखानं १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहिली. त्यासाठी लोकांची घरं जळाली, माणसं गेली. कोणाला काय म्हणायचं, यात माणसाची पत असते, हे मराठवाड्याला बाहेरच्यांनी शिकवायची गरज नाही.

कुठं विचारलंय आणि कोणाला दिसणार आहे, ते बघा

उत्तर ठरवण्याआधी जागा बघायची. गोलात तोंडी विचारणं वेगळं, फॉर्मवरचा रकाना वेगळा, ईमेलची सही वेगळी.

झूममध्ये प्रोफाइलवर सर्वनामं टाकायची सोय २०२१ पासून आहे. ती दर मीटिंगला दाखवायची, आत गेल्यावर विचारून दाखवायची की अजिबात नाही, हे तुम्हाला निवडता येतं. लिंक्डइनवरही रकाना आहे आणि तो कोणाला दिसावा हे ठरवता येतं. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये कंपनीनं सोय चालू केली असेल तरच रकाना दिसतो, आणि तिथं लिहिलेलं कंपनीतल्या सगळ्यांना दिसतं. सही तर ईमेलसोबत कुठंही जाते. तुम्ही एकाला पाठवता, तो पुढं चौघांना ढकलतो.

रुजू होतानाच्या कागदांचं मात्र वेगळं आहे. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा क्रमांक, आधारशी जोडताना नाव, जन्मतारीख आणि लिंग या तिन्ही गोष्टी आधारवरच्याशी जुळाव्या लागतात. नाही जुळल्या तर पुढं पैसे काढताना खेटे घालावे लागतात. तेव्हा त्या रकान्यात जे कागदावर आहे तेच लिहा, मग तुम्ही स्वतःला काहीही म्हणवून घेत असा. आधार आणि पॅन या दोन्हींच्या अर्जांत तृतीयपंथी व्यक्तींसाठी वेगळा पर्याय आहे. ते बदलणं हे सवडीनं करायचं काम आहे. सर्वनामाला कागद लागत नाही. एचआरनं ‘आधारवर तर असं लिहिलंय’ म्हणून सर्वनामावरून अडवलं, तर शांतपणे सांगायचं, “पीएफचा फॉर्म आधारप्रमाणे भरलाय. हे फक्त बोलण्यापुरतं आहे.”

उत्तर आदल्या रात्रीच ठरवा

ऐनवेळी सुचत नाही, म्हणून वाक्य तयार ठेवा. खालची वाक्यं मी मुलांना फळ्यावर लिहून देते. ज्याला जे जुळेल ते त्यानं उचलावं.

अडचणच नसेल तर लांबण लावू नका: “मी सविता, अकाउंट्स. इंग्रजीत शी, मराठीत ती.” झालं. “मी तर मुलगीच आहे ना, दिसतंच आहे की” असलं काही जोडू नका. तुमच्या शेजारी बसलेल्याचं दिसतंच असेल, असं नाही.

सांगायचं नसेल तर: “मी सविता, अकाउंट्स. मला नावानंच बोलवा.” हे पूर्ण उत्तर आहे. त्याच्यापुढं कारण द्यावं लागत नाही. कोणी खोदून विचारलंच, तर “नाव पुरे आहे” एवढं पुन्हा म्हणायचं आणि पुढच्या माणसाकडं बघायचं. बघितलं की पाळी आपोआप पुढं सरकते. हे मी कितीदा तरी पाहिलंय.

अजून ठरलं नसेल तर: “सध्या नावानं हाक मारा, बाकी नंतर सांगेन.” आज सांगितलेलं उद्या बदललं तर चालतं. पहिल्या दिवशी ‘शी’ म्हणालात आणि वर्षानं ‘दे’ म्हणालात, तर आधी तुम्ही खोटं बोललात असा त्याचा अर्थ होत नाही.

हा सगळा प्रकार तुम्हाला पटत नसेल, तरी ‘नावानं बोलवा’ हेच तुमचंही उत्तर. नव्या नोकरीच्या पहिल्या तासाला वाद घालू नका, आणि दुसऱ्यानं सांगितलेल्यावर हसू तर नकाच. स्वतःचं सांगायचं की नाही, हे तुमच्या मर्जीवर आहे. दुसऱ्यानं सांगितलेलं पाळणं हा शिष्टाचार आहे.

माझं स्पष्ट मत असं, की गोलात बसवून एकेकाकडून हे वदवून घेणं चूक आहे. विचारणाऱ्यानं आधी स्वतःचं सांगावं आणि “ज्यांना सांगायचंय त्यांनी सांगा” असं म्हणावं. आमच्याकडे मी तेवढा बदल करून घेतला. तुमच्याकडे नसेल, तर वर दिलेली वाक्यं तुमच्या हाताशी आहेतच.

मराठीत खरी गोम क्रियापदात आहे

इंग्रजीत ‘आय केम’ म्हटलं की बोलणारी बाई आहे की बुवा, ते कळत नाही. मराठीत तोंड उघडलं की कळतं. आलो की आले, जातो की जाते, थकलो की थकले. आपल्याकडचं ‘यायलो’ आणि ‘यायले’ही त्यातून सुटत नाही. म्हणजे सर्वनाम विचारायची पद्धत परदेशातून आली असेल, पण ते सांगायचं काम आपण दिवसातून शंभर वेळा, कोणी न विचारता करत असतो.

हे मला एका सहकाऱ्यांमुळं कळलं. मी इथं त्यांच्यासाठी ‘ते’ लिहितेय, कारण त्यांनी तसं सांगितलंय. ते रुजू झाले त्या दिवशी मी ग्रुपवर स्वागताचा मेसेज टाकला आणि नावावरून अंदाज बांधून ‘रुजू झाली’ असं लिहिलं. विचारलं नाही. ते काही बोलले नाहीत, नुसता नमस्काराचा हात टाकला. तीन महिन्यांनी कामाचा अहवाल करताना मी ग्रुपवरचे जुने मेसेज चाळत होते. त्यांचे मेसेज असे होते: ‘माझं पोचणं झालं.’ ‘जेवण उरकलं.’ ‘फाइल पाठवून झाली.’ ‘आज लवकर निघायचंय.’ ‘उद्या भेटू.’ तीन महिन्यांत एकदाही ‘आलो’ नाही, एकदाही ‘आले’ नाही. पहिल्या दिवसापासून प्रत्येक वाक्य ते आधी मनात वळवून घेत होते आणि मगच लिहीत होते. त्या दिवशी मी माझा तो स्वागताचा मेसेज उघडला आणि बराच वेळ नुसती त्याच्याकडं बघत बसले. मग खाली जाऊन त्यांना विचारलं, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

तुमचीही अडचण अशीच असेल, तर ही वाट मराठीत आहे, हे माहीत असू द्या. ‘मी आलो/आले’ऐवजी ‘पोचणं झालं’. ‘मी विसरलो/विसरले’ऐवजी ‘माझ्या ध्यानातून गेलं’. ‘मी येतो/येते’ऐवजी ‘मी येईन’, कारण भविष्यकाळात हा भेद उरत नाही. ‘मी केलं’, ‘मी पाठवलं’, ‘मी वाचलं’ यांतही उरत नाही, तिथं क्रियापद कामाच्या मागं जातं. दिवसभर असं बोलणं दमवणारं आहे. पण मुलाखत, पहिला आठवडा किंवा अनोळखी मीटिंग यातून निभावून नेतं.

समोरच्याशी बोलताना तर आपल्याकडं ‘तुम्ही’ आहे. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यांत भेद आहे, ‘तुम्ही आलात’मध्ये नाही. लातूरकडं ‘कुठं चाललाव?’ म्हणतात, तेही बाई-बुवा दोघांना चालतं. एखाद्याचं सर्वनाम माहीत नसेल तर सरळ अहो-जाहो करा. वयानं लहान असला तरी ऑफिसात ते वावगं दिसत नाही.

आता ‘दे’चं. इंग्रजीत कोणी ‘दे/देम’ सांगितलं की मराठीत लोक लगेच ‘ते’ लावतात. इथं फार जपायचं. मराठीत दोन ‘ते’ आहेत. ‘गुरुजी आले, ते बसले’ यातलं ‘ते’ आदराचं आहे. ‘पोरगं आलं, ते रडलं’ यातलं ‘ते’ नपुंसकलिंगी आहे. वासराला आणि कुत्र्याला आपण तेच लावतो. मोठ्या माणसाला ‘ते आलं’, ‘ते बसलं’ म्हणणं हा अपमान आहे. बसस्टँडवर तृतीयपंथी माणसांना चिडवायला लोक मुद्दाम असं बोलतात, हे मी कानांनी ऐकलंय. तेव्हा ‘ते आले’ म्हणा, ‘ते आलं’ कदापि म्हणू नका.

आणि आदराचं ‘ते आले’सुद्धा व्याकरणानं पुल्लिंगीच आहे. बाईसाठी ‘त्या आल्या’ म्हणतात. म्हणून काही जणांना ‘ते’ही नको असतं, त्यांना फक्त नाव चालतं. काही जण मराठीत ‘ती’ आणि इंग्रजीत ‘दे’ ठेवतात. नियम नाही. एकच उपाय आहे: “इंग्रजीत दे, मग मराठीत काय म्हणू?” असं एकांतात, हळू आवाजात विचारायचं. तुम्हाला स्वतःला ‘दे’ सांगायचं असेल तर मराठीचंही ठरवून ठेवा. नाहीतर इंग्रजी मीटिंगमध्ये सगळे जपून बोलतील आणि चहाच्या टपरीवर जैसे थे होईल.

घरी माहीत नसेल तर

हा भाग सावकाश वाचा. वाळूजला नोकरी आणि गंगापूरला घर असेल, तर ऑफिसातली गोष्ट बसच्या आधी घरी पोचते. टीममध्ये मावसभावाचा मित्र असतो, एचआरमध्ये गावचं कोणीतरी असतं. गोलात पंधरा जणांसमोर सांगितलेलं पंधरा जणांपुरतं राहत नाही.

म्हणून सांगायच्या आधी एचआरला तीन गोष्टी विचारा: हे कुठं नोंदलं जातं, कोणाला दिसतं, आणि बदलता किंवा पुसता येतं का. शक्यतो ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. उत्तर धड मिळालं नाही, तर नावावर थांबा. सुरक्षित वाटेपर्यंत गप्प राहणं म्हणजे लबाडी नव्हे. एखाद्या विश्वासाच्या माणसाला आधी सांगा, टीमला नंतर, आणि सहीत टाकायचं ते सगळ्यात शेवटी. सांगताना हेही सांगा, “ऑफिसात असं म्हणा, पण घरून फोन आला तर पूर्वीचंच.” हे न सांगितल्यामुळं चांगल्या मनाच्या माणसाकडूनही घोटाळा होतो.

कायदा थोडक्यात. सर्वनामं सांगायलाच हवीत असा भारतात कोणताही कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली, ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठी २०१९ मध्ये केलेल्या कायद्यानं नोकरीत भेदभाव करायला मनाई केली आणि आस्थापनांना तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं. कोणी तुमच्यावर मुद्दाम, पुनःपुन्हा चुकीचं सर्वनाम फेकत असेल, टिंगल करत असेल, तर तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तिथं कोण होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. तोंडी तक्रार हवेत जाते.

दुसऱ्यानं सांगितलं तर

वापरा. ‘वा, किती धाडस’ असं काही म्हणू नका, विचारपूस नको. चुकलात तर तिथंच दुरुस्त करा: “तो म्हणाला… नाही, ती म्हणाली,” आणि बोलणं पुढं न्या. पाच मिनिटं माफी मागत बसलात की समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते.

‘सर म्हणू का मॅडम?’

आपल्या ऑफिसांत सर्वनामाचा प्रश्न याच रूपात येतो. सिक्युरिटीवाले, कॅन्टीनवाले, शॉप फ्लोअरवरची मंडळी प्रोनाउन्स विचारत नाहीत. त्यांचं सर, मॅडम, भाऊ, ताई, अक्का असं चालतं. ईमेलच्या सहीत काय लिहिलंय ते त्यांना दिसत नाही आणि दिवसातून सगळ्यात जास्त वेळा हाक तेच मारतात. म्हणून त्यांच्यासाठीचं उत्तर वेगळं तयार ठेवा, साध्या मराठीत, एका वाक्याचं. हे मराठवाडा आहे. इथं मामा-मावशीचं नातं एका चहात जुळतं, आणि एकदा त्यांनी मनावर घेतलं की एचआरच्या दहा पत्रकांपेक्षा जास्त काम होतं.

मघाशी ज्या सहकाऱ्यांचं सांगितलं, त्यांच्या टेबलापाशी चहावाले मामा महिनाभर हाक न मारताच कप ठेवून जायचे. एक दिवस थांबले आणि म्हणाले, “राग येऊ देऊ नका, पर तुमाला सर म्हनू का म्याडम?” आमच्या रांगेतले सगळे एकदम गप्प झाले. सहकारी म्हणाले, “मामा, नावानंच हाक मारा.” मामांनी नाव विचारलं, दोनदा घोळवून पाहिलं आणि “बरं” म्हणून पुढच्या टेबलाकडं गेले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ट्रे घेऊन दारातूनच त्यांनी त्या नावानं मोठ्यांदा हाक मारली, आणि म्हणाले, “आज अद्रक जास्ती टाकलंय, गरम हाय तवर घ्या.”